कोलॅजनचे रक्षण करणारा प्रकाशोपचार

चेन्नई : शरीरातील ऊतींना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडली. याच प्रथिनाला विकरांपासून वाचविण्यासाठी नेत्रवैद्यकात आज प्रकाशाचा वापर होतो.

केराटोकोनस या विकारात डोळ्याचे पारपटल म्हणजेच कॉर्निया पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येते व दृष्टी अंधूक होते. त्यावरील उपचारात डोळ्यात रायबोफ्लेविन अर्थात जीवनसत्त्व ब-२ चे थेंब घालून सुमारे ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडले जातात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या मूळ पद्धतीत हे किरण ३० मिनिटे दिले जातात. प्रकाशाने उत्तेजित झालेले रायबोफ्लेविन क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करते आणि त्यातून कोलॅजनमध्ये नवे बंध जुळतात. त्यामुळे पारपटल ताठ होते व कोलॅजनेज हे विकर ते सहजासहजी तोडू शकत नाही. विकर शाबूत राहते, त्याचे काम मात्र मंदावते.

गमावलेली दृष्टी या उपचाराने पूर्णपणे परत मिळत नाही. परंतु विकाराची वाढ बहुतांश रुग्णांत थांबते आणि पारपटल प्रत्यारोपण टळू शकते. म्हणूनच किशोरवयात चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलत असल्यास वेळीच तपासणी करणे हिताचे ठरते.