सामान दोन वर्षांपुरतंच घ्या

मोबाइल इथेच ठेवा, तिकडे रेंज नाही. डोक्यावर पानांची ती टोकदार टोपी चढवा आणि दोरी हनुवटीखाली घट्ट बांधा, कारण गर्दी फार आहे. पायांत लाकडी चपला आहेत, जपून चाला. फरशीवर त्या इतक्या खटखटतात की गुपचूप कुठे जाता येत नाही.

तुम्ही हनोईत आहात. १९५४चा सप्टेंबर सरत आलाय. पहिल्याच श्वासाला वास ओळखीचा वाटेल, कारण रस्त्याकडेची सातवीण फुलली आहे. तिचा गोड, उग्र दर्प डोक्यात भिनतोय. त्याच्याखालून दुसरा वास वर येतो, भाजलेलं आलं, चक्रीफूल आणि दालचिनी. कोपऱ्यावर ‘फो’ नावाचं शेवयांचं सूप उकळतंय. शेजारी एक बाई खांद्यावरची कावड उतरवते आणि कमळाच्या पानात बांधलेला कोवळा हिरवा तांदूळ तुमच्या हातावर ठेवते. हुरड्यासारखा चिमटीने खा. ऋतू संपला की तो मिळत नाही.

पण आज बाजारात खाणारे कमी आणि विकणारेच जास्त. अख्खं घर फुटपाथवर मांडलंय, शिसवी कपाटं, आरसे, पलंग, शिवणयंत्र, पोराची सायकल. भाव विचारून बघा. तुम्ही आकडा सांगायच्या आधीच मालक मान डोलावतो. फ्रेंच चाललेत, त्यांना हरवणारे कम्युनिस्ट व्हिएत मिन्ह येताहेत. दूर जिनिव्हात नकाशावर सतराव्या अक्षांशाजवळ एक रेघ ओढली गेली आहे, आणि कुठल्या बाजूला राहायचं हे ठरवायला लोकांना ३०० दिवस मिळालेत. रेघ तात्पुरती आहे म्हणे. १९५६मध्ये निवडणूक होईल, मग देश पुन्हा एक. त्यामुळे सगळे जण दोन वर्षांच्या हिशेबाने सामान बांधताहेत.

तुमच्याही घरात हाच वाद चाललाय. फ्रेंच कचेरीत कारकुनी केलेल्या वडिलांना इथे राहणं धोक्याचं वाटतं. आजी हलायला तयार नाही, पूर्वजांच्या देव्हाऱ्यात उदबत्ती कोण लावणार? आई लोकरीचे कोट हातात घेऊन उभी आहे.

“सायगॉनला थंडी नसते,” वडील म्हणतात.

“मग राहू देत आईंपाशी. परत आल्यावर लागतीलच.”

कोट कपाटात जातात. तुमच्या गाठोड्यात तांदूळ, खारवलेल्या माशाच्या पाण्याची बाटली, दोन वाडगे आणि एक फोटो. बाटलीचं बूच नीट बसलंय ना? पुढचे चार दिवस तुमच्या अंगाला कसला वास येणार, हे त्यावर ठरेल.

सायकलरिक्षात बसा. इथे सवारी पुढे आणि चालक मागे असतो, त्यामुळे प्रत्येक गाडी थेट तुमच्या नाकावर येते. वाटेत जीपमधून जाणारे भारतीय अधिकारी दिसले तर ओरडू नका. जिनिव्हा कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आहे, सोबत कॅनडा आणि पोलंड. इथे तुम्ही व्हिएतनामी आहात, हे विसरू नका.

आगगाडी लाल नदीवरचा लांबलचक लोखंडी पूल धडधडत ओलांडते आणि हायफाँग बंदरापाशी येते. इथे चिखल, तंबू, पाऊस आणि रडणारी पोरं. किनाऱ्यालगतच्या कॅथलिक गावांतून अख्खी गावंच्या गावं पाद्र्यांसकट आली आहेत. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या कडेवर मेरीमातेची मूर्ती. छोट्या बोटीतून तुम्हाला खाडीत उभ्या असलेल्या अमेरिकन जहाजापाशी नेतात. शिडी चढून वर जाताच एक धिप्पाड खलाशी तुमच्या कॉलरमध्ये नळी खुपसतो. फुस्स! डीडीटी. डोळे मिटा. क्षणात आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे पांढरेफटक. घाबरलेल्या माणसांना एकमेकांकडे बघून हसू फुटतं.

आत, जहाजाच्या मालखान्यात हवा हलत नाही. डिझेल, घाम, ओकारी आणि शेजारच्याच्या फुटलेल्या बाटलीतलं माशाचं पाणी. तुमचं बूच शाबूत आहे, शाबास. चटईला चटई लागलेली, कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते.

याच समुद्रातून उलट दिशेनेही माणसं निघाली आहेत. दक्षिणेतले व्हिएत मिन्हचे सैनिक आणि कार्यकर्ते उत्तरेकडे जाताहेत. त्यांना न्यायला पोलंडचं ‘किलिन्स्की’ आणि रशियन जहाजं येतात. काहींनी निघण्याआधी घाईघाईने लग्न उरकलंय. बायको किनाऱ्यावर, नवरा बोटीत, आणि दोघांचेही हात वर, दोन बोटं उंचावलेली. दोन वर्षं. बस्स, दोन वर्षं.

सायगॉनला उतरलात की उकाडा अंगावर ओलं घोंगडं टाकतो. छावणीतल्या तंबूखाली दुपारी बसवत नाही. भाषा तीच, पण हेल वेगळा, त्यामुळे भाजीवाली तुम्हाला तीनदा बोलायला लावते आणि चौथ्यांदा हसते. जेवणात साखर जास्त. ऑक्टोबर येतो, पण गारवा येत नाही.

मग १९५६ येतं आणि निवडणूक होत नाही. रेघेवरच्या बेन हाय नदीवरून कुणाला सहज पलीकडे जाता येत नाही. उत्तरेला फक्त पोस्टकार्ड जातं, लिफाफा चालत नाही. उघड्या कार्डावर काय लिहिणार? “सगळे खुशाल.” कोटांना कसर लागली का, हेसुद्धा विचारायचा धीर होत नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं दक्षिणेत आली, लाखाहून जास्त उत्तरेला गेली. रेघ मिटायला १९७५ उजाडावं लागलं.

परत निघण्याआधी कोपऱ्यावर बसून घ्या. हनोईहून आलेल्या एका काकांनी फोची गाडी टाकली आहे. वास तोच, आलं आणि चक्रीफूल. सायगॉनचं गिऱ्हाईक त्यात मोड आलेले मूग मागतं, तुळशीची पानं मागतं, वर गोड काळपट चटणीही. काका कपाळाला आठ्या घालतात, “असला फो आमच्याकडे कुणी खाल्ला नसता,” म्हणतात आणि मूठभर मोड टाकतात. आल्याआल्या महिनाभर ते मिळेल ते मुकाट्याने जेवत होते. आता रोज कुरकुर करतात. पाहुणा ताटावर कुरकुर करत नाही, घरचा माणूसच करतो.