सातपुडा बिबट्या पाल

(शास्त्रीय नाव : यूब्लेफॅरिस सातपुराएन्सिस, कुल : यूब्लेफॅरिडी). जमिनीवर राहणारी, निशाचर पाल. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘फायलोमेड्युसा’ या नियतकालिकातून तिचे प्रथम वर्णन केले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील सातपुडा डोंगरांत ती आढळते. धुळे जिल्ह्यातील सोनगीरहून आग्रा रोडने उत्तरेला निघाले, तापी ओलांडून शिरपूर मागे टाकले, की हीच सातपुड्याची रांग समोर येते.

भिंतीवरच्या पालीपेक्षा ती अगदी वेगळी. घरपालीला पापण्या मिटता येत नाहीत. ती जिभेने डोळा पुसते. बिबट्या पालीच्या पापण्या जाड आणि हलत्या असतात, ती डोळे चक्क मिटते. बोटांखाली चिकटपट्ट्या नसल्याने गुळगुळीत भिंत तिला चढता येत नाही. बोटांना नुसत्या नख्या. अंग जमिनीपासून उचलून ती संथ चालते. डिवचली तर शेपटी वर करून हळूहळू हलवते. जाड, वळ्यावळ्यांची शेपटी म्हणजे चरबीचा साठा. ती तुटली तर पुन्हा येते, पण सुरनळीऐवजी सलगमासारखी फुगीर, वळ्या नसलेली. दिवसा ही पाल दगडांखाली किंवा फटींत असते आणि रात्री किडे, कोळी टिपते. अंड्यांचे कवच घरपालीच्या अंड्यांसारखे कडक नसून चर्मपत्रासारखे मऊ असते.

पाळीव प्राण्यांच्या बाजारात ‘लेपर्ड गेको’ म्हणून विकली जाते ती हिची भाऊबंद, एडवर्ड ब्लाइथने 1854 मध्ये वर्णिलेली यू. मॅक्युलॅरिअस. गुजरात व पश्चिम महाराष्ट्रातली यू. फस्कस ही तिची उपजात समजली जाई. इंद्रनील दास यांनी 1997 मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.

या साऱ्या पालींना ग्रामीण भागात फार भितात. चावली तर माणूस पाणी मागत नाही, असा समज असल्याने दिसताक्षणी तिला ठेचले जाते. हा समज निखालस खोटा आहे : तिच्या तोंडात विषग्रंथी नाहीत, आणि भारतातली एकही पाल विषारी नाही. हातात धरली तर ती चावते खरी, पण जखम किरकोळ असते. साबण-पाण्याने धुतली की पुरे. घरात शिरलीच, तर सुपलीत लोटून बांधाच्या दगडांत सोडावी.