अभ्यासगट, मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गोंड गावात मोठ्या माणसांनी एकत्र बसून शिकण्याची रीत. देवाजी तोफा व इतर गावकरी आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून ती रुजली. इथे हजेरी नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही. गावापुढे जी अडचण असेल तोच विषय, आणि गरज पडली तर बाहेरचा जाणकार. अभ्यासगट मात्र निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. त्यामुळे गटात कोणाला हरायचे-जिंकायचे नसते आणि ‘मला हे कळत नाही’ असे म्हणणे सोपे जाते. शाळेत नेमके तेच अवघड.

आजन्म शिक्षणाची जगभरची चर्चा बहुधा एकट्या कामगाराभोवती फिरते: बाजार बदलला, कौशल्य बदला. युनेस्कोच्या देलॉर आयोगाने १९९६ साली एकत्र जगायला शिकण्यालाही तेवढेच महत्त्व दिले होते, पण कौशल्य-योजनांत ते क्वचितच उतरते. मेंढ्यात शिकणारा एकटा माणूस नसून गाव आहे. २००६चा वनहक्क कायदा समजून घेऊन गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. या परवान्यांची पुस्तिका एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आली. मग तोडणी, मोजणी, निविदा, हिशेब हे सारे व्यवहार करता करता शिकणे भागच होते. जिथे चुकले तर नुकसान आपलेच, तिथे शिकलेले टिकते. अधिकाराशिवाय दिलेले प्रशिक्षण बहुधा शिबिराबरोबरच संपते.

मेंढा हा अपवाद आहे, असामान्य माणसांमुळे घडलेला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, जंगलाची हानी होते म्हणून, हमखास रोकड देणारी तेंदूपत्ता तोड थांबवली. बाहेरचा सोबती तिथेही होता; पण त्याच न्यायाने शिक्षकाविना शाळा तरी कुठे चालते? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळा, पुढे महाविद्यालय आणि नोकरीची स्पर्धा परीक्षा यांतून जावेच लागते, आणि त्या वाटेवर अभ्यासगटाचे प्रमाणपत्र चालत नाही, कारण असे प्रमाणपत्रच नसते. २०११मध्ये या दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ग्रामसभेत मिळवलेल्या ज्ञानाला पदवीच्या हिशेबात कुठे धरायचे, हा प्रश्न त्याच्या दारातला आहे.