मोटारीची जिल्हई

राजांचीं सिंहासनें व सेनापतींच्या तलवारी यांची इतिहासकार जेवढी विचारपूस करतात, तेवढी रोजच्या वापरांतील वस्तूंची करीत नाहींत. आणि वस्तूंची केली तरी त्यांच्या पृष्ठभागाची सहसा करीत नाहींत. मोटारीच्या यंत्राचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु त्या यंत्रावरील पत्र्यास दिलेल्या रंगाचा, आणि तो टिकावा म्हणून माणसानें केलेल्या खटाटोपाचा इतिहास कांहीं कमी बोधप्रद नाहीं. आजच्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरहून फारशी अधिक भरत नाहीं. तरी कारागिरी, रसायनशास्त्र आणि व्यापार या तिघांचा झगडा त्या थरांत सांठलेला आहे.

मोटार जन्मास आली ती बग्गीची लेक म्हणून. तेव्हां तिचा रंगही बग्गीच्याच रंगाऱ्याकडे गेला. जवसाच्या तेलांत राळ शिजवून केलेलें रोगण हें त्याचें मुख्य साधन. प्रथम अस्तर, मग खांचा बुजविण्यास लुकण, मग रंगाचे हात आणि शेवटीं रोगणाचे हात. मधले हात वाळल्यावर दगडाच्या बारीक पुडीनें व पाण्यानें घांसून सपाट करावयाचे आणि मग पुढचा हात द्यावयाचा, असा क्रम असे. तेलाचें रोगण हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश घट्ट होतें. त्यास घाई खपत नाहीं. म्हणून एका गाडीचा रंग पुरा होण्यास कित्येक आठवडे लागत, आणि शेवटच्या हाताची खोली धुळीपासून देवघरासारखी जपत. एवढें करूनही तें रोगण नाजुकच. चिखल वाळण्यापूर्वीं धुवावा, गाडी तबेल्याच्या वाफांपासून दूर ठेवावी, कारण तेथील अमोनियानें रोगण निस्तेज होतें, आणि ठराविक काळानें गाडी पुन्हा रोगणास पाठवावी, हे नियम गाडीवानास पाठ असत. श्रीमंताच्या गाडीची जिल्हई ही वस्तुतः त्याच्या पदरीं असलेल्या नोकरांच्या वेळेची जिल्हई होती.

हा वेळच पुढें कारखानदारास परवडेना. हेन्री फोर्ड यांची मॉडेल-टी गाडी १९०८ सालीं निघाली. हायलंड पार्क येथील कारखान्यांत १९१३ मध्यें सरकती जुळणी सुरू झाल्यावर, ज्या सांगाड्यास पूर्वीं साडेबारा तास लागत, तो १९१४ मध्यें ९३ मिनिटांत जुळूं लागला. सांगाडा दीड तासांत आणि रंग महिन्यांत, हा संसार चालणार कसा? त्याच सुमारास ही गाडी केवळ काळ्या रंगांत मिळूं लागली, व १९२५ पर्यंत तीच स्थिति राहिली. लोक हा फोर्ड यांचा हट्ट समजतात. परंतु डांबरी द्रव्यांचें, भट्टींत भाजून कठीण होणारें काळें रोगण स्वस्त होतें, टिकाऊ होतें, आणि स्वभावतःच काळें होतें. त्यास गुलाबी करणें कोणास शक्य नव्हतें. शिवाय एकच रंग असला म्हणजे साऱ्या कारखान्याची व्यवस्था सोपी होते. तो काळा रंग हा अभिरुचीचा नव्हे, हिशेबाचा रंग होता.

या कोंडींतून वाट निघाली ती, चमत्कारिक वाटेल, दारूगोळ्याच्या कोठारांतून. नत्राम्लानें संस्कारलेला कापूस पहिल्या महायुद्धांत स्फोटकासाठीं अपरिमित खपला होता. युद्ध संपल्यावर त्याच जातीचें द्रव्य विरघळवून ड्यूपाँ कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचें रोगण सिद्ध केलें, आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तें १९२३ मध्यें निळ्या रंगांत झळकलें. हें रोगण पिचकारीनें उडवितां येई आणि त्यांतील द्रावक उडून गेला कीं तें वाळे. त्यामुळें आठवड्यांचें काम तासांवर आलें. त्या कंपनीचे संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, त्यांनीं एका शंकेखोर पाहुण्यास जेवावयास नेलें आणि जेवण होईपर्यंत त्याची गाडी दुसऱ्याच रंगानें रंगवून ठेवली. बाहेर येऊन पाहुणा आपलीच गाडी शोधीत राहिला! पुढें १९२७ मध्यें याच कंपनींत ‘कला व रंग’ असा स्वतंत्र विभाग निघाला. रंग लवकर वाळूं लागतांच तो विक्रीचें साधन बनला.

परंतु ड्यूकोनें घाई साधली, चिरंजीवित्व नव्हे. पिचकारींतून उतरल्यावर तें मंदच दिसे. घांसून त्यास तकाकी आणावी लागे. उन्हांत त्याचा वरचा थर खडूसारखा पडे. मग पुन्हा घांसणें आलें, आणि प्रत्येक घांसणें म्हणजे थराचा थोडा नाशच. येथें मेणाचें महत्त्व वाढलें. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागांत वाढणारा कार्नौबा ताड आपल्या पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून त्यांवर मेणाचा लेप धरतो. हें मेण सुमारें ८२ अंश उष्णतेपर्यंत वितळत नाहीं. झाडानें उन्हापासून रक्षणासाठीं केलेला उपाय माणसानें पानावरून उचलून मोटारीवर चोपडला.

शतकाच्या उत्तरार्धांत रसायनशास्त्रानें एकेक दुखणें बरें केलें. १९५० नंतरच्या दशकांत ॲक्रिलिक रोगणें आलीं. साठोत्तरीं फोर्डच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा अस्तराच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें थर बसविण्याची रीत रूढ झाली, आणि जेथें हात पोंचत नाहीं त्या खोबणींतही गंजास अटकाव झाला. १९८० नंतर रंग खालीं व त्यावर निर्मळ पारदर्शक लेप, अशी जोडी सर्वत्र पसरली. उन्हांतील अतिनील किरणांचा मारा हा वरचा लेप सोसतो.

आपल्याकडे या इतिहासाची खूण भाषेंत राहिली आहे. कंपनीचें नांव ठाऊक नसलेला आपला सुतारही कपाटास ‘ड्यूको’ मारूं का म्हणून विचारतो. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेली पद्मिनी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांस तोंड देत या गाड्या किती वेळां लुकण भरून रंगविल्या गेल्या असतील, याची गणती नाहीं.

आज कांचसदृश लेप व पारदर्शक चिकटपट्ट्या विकणारे सांगतात कीं, आतां काळजीचें कारण उरलें नाहीं. असें अभिवचन प्रत्येक पिढीस मिळालें आहे. वस्तुस्थिति अशी कीं वरचा लेप केसाहूनही पातळ असतो, आणि आपल्या शहरांत रोज सकाळीं कोरड्या फडक्यानें त्यावर धूळ घांसली जाते. त्या धुळींतील गारेचे कण त्या लेपाहून कठीण असतात; ते त्यावर ओरखडे कोरतात. पक्ष्यांची शीट उन्हांत तशीच राहिली तर कायमचा डाग पडतो. बग्गीच्या गाडीवानाचे जुने नियम, म्हणजे भरपूर पाणी, स्वच्छ फडकें, सावली आणि मळ वाळण्यापूर्वीं धुणें, हेच आजही खरे आहेत. फरक इतकाच कीं पूर्वींचा जाड थर पुन्हा उभा करणारा रंगारी गल्लींत भेटे. आजचा लेप एकदां घांसून संपला म्हणजे संपला. रोगण जसजसें कठीण होत गेलें, तसतशी तें दुरुस्त करण्याची शक्ति आपल्या हातून कारखान्याकडे गेली. टिकाऊपणाची ही किंमत जिल्हईंत दिसत नाहीं, म्हणून ती मोजण्याचें काम इतिहासास करावें लागतें.