तीन धावा हव्या असताना

मंगळवार, ७ मे १९९१. वानखेडे स्टेडियम. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा, शेवटचा दिवस. मुंबई विरुद्ध हरियाणा.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटच्या चेंडूपासून सुरुवात करतात आणि ‘कुरुविला धावबाद’ म्हणून सुस्कारा टाकतात. मला ते कधीच पटलेलं नाही. घात उघड झाला तो त्या चेंडूवर, पण तो शिजत होता पाच दिवस. त्या दिवशी वानखेडेवर वेळ धावांत मोजली जात होती, म्हणून इथेही हिशेब धावांचाच ठेवतो.

आधीचे चार दिवस

हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्मा १९९, चेतन शर्मा ९८, अजय जडेजा ९४. तिघेही टप्प्याच्या तोंडाशी येऊन अडले, पण तोवर मुंबईचं नुकसान होऊन गेलं होतं. त्यातही चेतनच्या ९८ धावा मला जास्त सलतात. तो मुळात वेगवान गोलंदाज. अशा खेळाडूला शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ दिलं की त्याची किंमत कधीतरी मोजावी लागते.

मुंबईने उत्तरादाखल ४१० केल्या. पिछाडी ११२ धावांची. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. म्हणजे शेवटच्या दिवशी हरियाणाला नुसती वेळ काढली तरी करंडक मिळणार होता आणि मुंबईला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या संध्याकाळचं सगळं काही या एका नियमात दडलेलं आहे.

सकाळ : ३५५ हव्यात

हरियाणाचा दुसरा डाव २४२ धावांत आटोपला. आघाडी धरून मुंबईसमोर आकडा उभा राहिला ३५५ चा, आणि हाताशी वेळ दोन सत्रांपेक्षा थोडीच जास्त. आज वीस षटकांत दोनशे धावा पाहणाऱ्यांना हे मोठं वाटणार नाही. १९९१ साली, पाच दिवस तुडवलेल्या खेळपट्टीवर, समोर कपिल देव नवा चेंडू घेऊन उभा असताना, हे लक्ष्य जवळजवळ कुणीच गंभीरपणे घेतलं नसतं.

मुंबईने घेतलं. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकलेला हा संघ होता. पण शेवटचा करंडक १९८४-८५ चा, मध्ये सहा वर्षं गेलेली. कर्णधार संजय मांजरेकर, संघात लालचंद राजपूत, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी. अशा फलंदाजीने वेळेकडे बघत डाव रेटावा, हे मैदानातल्या कुणालाच मान्य झालं नसतं.

३४ वर ३ : ३२१ हव्यात

आघाडीचे तिघे गेले. धावफलकावर ३४. माझ्या मते सामना खऱ्या अर्थाने इथे हातातून निसटला. नंतर जे झालं ते निसटलेलं परत खेचून आणणं होतं. या तीन विकेट्सबद्दल नंतर कुणी फारसं बोललं नाही, कारण आठवण नेहमी शेवटच्या दृश्याला चिकटते.

वेंगसरकरच्या साथीला सचिन आला. तेरा दिवसांपूर्वी अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा आणि पस्तिशीचा, शंभराहून अधिक कसोटी खेळलेला ‘कर्नल’. एकाची कारकीर्द उमलत होती, दुसऱ्याची उतरणीला लागली होती, आणि दोघांनाही मुंबईच्या टोपीची किंमत नेमकी ठाऊक होती.

दुपार : १८७ हव्यात

सचिनने ७५ चेंडूंत ९६ धावा केल्या. तीन गडी झटपट गमावलेल्या संघाने सावरून घ्यायचं असतं, हा धडा त्याने त्या दिवशी बाजूला ठेवला. उंच, सरळ, मैदानाबाहेर. दोघांनी चौथ्या विकेटसाठी १३४ धावा जोडल्या आणि सकाळी वेडेपणाचं वाटणारं लक्ष्य दुपारी आवाक्यात आलं.

मग योगेंद्र भंडारीच्या चेंडूवर सचिन झेलबाद. १६८ वर ४.

शतकाला चार धावा कमी. खरं तर या सामन्यात सगळंच थोडक्यासाठी हुकत होतं: १९९, ९८, ९४, ९६.

दिवस कामाचा होता. तरी बातमी फोर्टातल्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचली होती आणि चर्चगेटला लोकल पकडायला निघालेली माणसं वाट वाकडी करून वानखेडेत शिरत होती. सकाळी रिकामे असलेले स्टँड भरू लागले. रणजीच्या सामन्याला हे दृश्य तेव्हाही दुर्मीळ होतं.

कांबळीने ४५ केल्या. दुसऱ्या टोकाला वेंगसरकर होताच. मे महिन्याची मुंबई, अंगाला चिकटणारा उकाडा, पायांत गोळे. शेवटी धावायला लालचंद राजपूतला बोलवावं लागलं. वेंगसरकर जागेवर उभा राहून मारत होता आणि त्याच्या धावा राजपूत पळत होता.

शेवटचा तास : ५० हव्यात

एकेक जोडीदार निघून गेला. ३०५ वर ९.

अकरावा गडी आला अ‍ॅबी कुरुविला. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, पहिलाच रणजी मोसम, काम चेंडू टाकण्याचं. इथे हरियाणाचा विजय अर्ध्याअधिक लोकांनी मनात मान्य केला असेल. वेंगसरकरने केला नाही. भंडारीचा चेंडू त्याने प्रेक्षकांत पुन्हा पुन्हा भिरकावला. ५० च्या ४० झाल्या, ४० च्या २०. कपिल क्षेत्ररक्षक सीमेवर पसरवत होता. कुरुविला आपल्या वाट्याचे चेंडू तग धरून खेळत होता.

शेवटच्या जोडीची भागीदारी ४७ धावांची झाली. त्या ४७ मध्ये कुरुविलाच्या बॅटीचा वाटा थोडा असेल, पण तो उभा नसता तर त्यातली एकही धाव झाली नसती.

मी करंजाड्यात राहतो. त्या साली हे पनवेललगतचं गाव होतं, हार्बरची लोकल वाशीलासुद्धा अजून पोहोचलेली नव्हती. आज इथे सिडकोचे सेक्टर आहेत आणि संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचे सामने रंगतात. अकरावा गडी बहुतेक वेळा सगळ्यांत लहान पोरगा असतो. तो बाद होऊन सामना गेला की सगळे त्याच्या अंगावर धावून जातात, आणि पहिल्या पाचांनी काय दिवे लावले हे कुणी विचारत नाही. या पोरांना मी १९९१ सांगतो ते यासाठीच.

३५२ वर ९ : ३ हव्यात

गोलंदाज चेतन शर्मा. पाच वर्षांपूर्वी शारजात शेवटच्या चेंडूवर मियाँदादने ज्याला षटकार मारला, तोच. देशभरातल्या शिव्या झेललेला हा माणूस पुन्हा एकदा अखेरच्या क्षणी चेंडू हातात घेऊन उभा होता. त्याने जबाबदारी टाळली नाही, याबद्दल मुंबईकर असूनही मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

कुरुविला स्ट्राइकवर. त्याने चेंडू लेगला फाइनच्या दिशेने वळवला. धाव घ्यायलाच हवी होती, वेंगसरकर समोर आल्याशिवाय तीन धावा येणार कुठून? नुसतं उभं राहून, चेंडू अडवून, दिवस संपवता आला असता. पण तसं संपलं असतं तरी करंडक हरियाणाकडेच गेला असता. अमरजित केपीने चेंडू उचलून फेकला, चेतनने यष्ट्या उडवल्या. लांब ढांगांचा कुरुविला क्रीझबाहेर राहिला.

सर्व बाद ३५२. हरियाणा दोन धावांनी विजयी.

वेंगसरकर नाबाद १३९. तो मैदानावरच कोसळला आणि ढसाढसा रडला. भारताचं कर्णधारपद भूषवलेला, लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं ठोकलेला माणूस एका रणजी सामन्यासाठी हजारोंसमोर रडतो, हे आजच्या पिढीला समजावणं कठीण जातं. त्या अश्रूंची कुणी थट्टा केलेली मी ऐकलेली नाही.

नंतर

हरियाणाचा तो पहिला आणि आजवरचा एकमेव रणजी करंडक. विश्वचषक उंचावलेल्या कपिलच्या नावावरही हा एकच. मुंबईला पुढचं विजेतेपद १९९३-९४ मध्ये मिळालं.

कुरुविलाने त्या धावेनंतर आणखी सहा वर्षं देशांतर्गत क्रिकेटमध्ये चेंडू टाकले आणि मार्च १९९७ मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची टोपी मिळवली. दहा कसोटी, पंचवीस बळी. पुढे नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडा अकादमीत तो नव्या मुलांना घडवू लागला. नवी मुंबईतल्या किती मुलांना ठाऊक असेल, की पहिल्याच मोसमात, नऊ गडी बाद असताना, हा माणूस वेंगसरकरच्या साथीला ४७ धावा उभा राहिला होता?