रशीद सुन्यायेव : शोधनिबंधांचा हिशेब कसा वाचावा?

संशोधनात जाऊ पाहणारी मुले आणि त्यांचे आईवडील आम्हाला नेहमी विचारतात, किती पेपर छापले म्हणजे नाव होते? यामागे काळजी असते. पैसे घेऊन न तपासता काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या जाळ्यात याच घाईमुळे मुले अडकतात. म्हणून एका मोठ्या खगोलशास्त्रज्ञाच्या कामाचा हिशेब आपण नीट समजून घेऊ.

ओळख
रशीद सुन्यायेव यांचा जन्म 1 मार्च 1943 रोजी ताश्कंदमध्ये एका तातार कुटुंबात झाला. मॉस्कोत शिक्षण झाले. नामवंत शास्त्रज्ञ याकोव्ह झेलदोविच हे त्यांचे उस्ताद. पुढे त्यांनी मॉस्कोच्या अंतराळ संशोधन संस्थेत काम केले आणि जर्मनीत गार्खिंग येथील माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेचे ते संचालक झाले.

सायटेशन म्हणजे काय?
एखादा शास्त्रज्ञ आपल्या निबंधात दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतो, तेव्हा त्या कामाचा उल्लेख करतो. हा उल्लेख म्हणजे सायटेशन. यांची पद्धतशीर सूची यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सुरू केली. खगोलशास्त्रासाठी नासाच्या पाठबळावर चालणारी 'ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम' ही मोफत सूची आहे. शास्त्रज्ञाचे नाव टाकले की त्याचे निबंध आणि प्रत्येकाची सायटेशन्स दिसतात.

एच-इंडेक्स
हे माप होर्खे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवले. समजा, कुणाच्या पाच निबंधांना 10, 8, 5, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. त्यातल्या चार निबंधांना प्रत्येकी किमान चार मिळाली, म्हणून एच-इंडेक्स 4. नुसते निबंध वाढवून हा आकडा वाढत नाही. पण त्यातही एक गोम आहे. पहिल्या निबंधाला 10 ऐवजी 10,000 सायटेशन्स मिळाली तरी एच-इंडेक्स 4 च राहतो! सुन्यायेव यांचे काम समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

1973 चा निबंध
निकोलाय शाकुरा आणि सुन्यायेव यांनी 1973 मध्ये 'ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स' या नियतकालिकात कृष्णविवरावर निबंध लिहिला. सुन्यायेव तेव्हा तिशीत होते. जोडताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, तेव्हा तो सरळ आत पडत नाही, गोल फिरत तबकडी बनवतो. आतल्या घर्षणाने ती तापते आणि क्ष-किरण सोडते. हे घर्षण नेमके कशामुळे, ते तेव्हा कळलेले नव्हते. दोघांनी त्याच्या जागी 'अल्फा' हा एकच आकडा ठेवला आणि बाकीचे गणित पूर्ण केले.

बस्स, या सोयीमुळे तो निबंध सर्वांच्या हाती आला. नवजात ताऱ्यांपासून क्वेसारपर्यंत, जिथे तबकडी तिथे हे गणित लावता येते. खगोलभौतिकीत सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या निबंधांत त्याची गणना होते. इतरांना काम करता येईल असे साधन दिले, म्हणून पन्नास वर्षांनंतरही त्याचा आधार घेतला जातो.

वाट पाहायला लावणारे काम
झेलदोविच यांच्यासोबतचे काम 1969 ते 1972 या काळातले. विश्वाच्या आरंभापासून उरलेला मंद सूक्ष्मलहरी प्रकाश सगळीकडे पसरलेला आहे. तो दीर्घिकांच्या समूहातील तप्त वायूतून जाताना त्याच्यात किंचित फरक पडतो, असे त्यांनी मांडले. यालाच सुन्यायेव-झेलदोविच परिणाम म्हणतात. मोजायला तो फार अवघड. खात्रीची मोजमापे 1980 च्या दशकात आली. 2009 मध्ये सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या दुसऱ्या यादीत मात्र या परिणामामुळे सापडलेल्या 1,653 नोंदी आहेत. त्यातल्या हजाराहून अधिक दीर्घिकासमूह म्हणून पक्क्या झाल्या. पहिल्या दोन-चार वर्षांच्या सायटेशन्सवर निकाल लावला असता, तर या कामाचे मोल कळलेच नसते.

सन्मान
2008 चे क्राफोर्ड पारितोषिक, 2009 चे किंग फैसल पारितोषिक, 2011 चे क्योटो पारितोषिक.

मुलांसाठी
कुणाचा आकडा पाहाल तेव्हा चार गोष्टी तपासा. निबंध तज्ज्ञांकडून तपासून छापला होता का? सायटेशन्स स्वतःचीच की इतरांची? लेखक दोन की दोनशे? आणि विषय कोणता? कारण मोठ्या क्षेत्रात लिहिणारे जास्त, म्हणून सायटेशन्सही जास्त. दोन विषयांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देतो, असे कुणी म्हटले तर सरळ नाही म्हणा. तो पैसा पुस्तकांवर, तालीमवर खर्च करा. एक निबंध उशिरा आला तरी चालेल, पण तो दुसऱ्या कुणाच्या कामाला यावा.