मुंबईहून गेलेला निबंध

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वायूंच्या गत्यात्मक सिद्धांताची गृहीतके क्रमाने दिलेली असतात. वायू असंख्य सूक्ष्म रेणूंचा बनलेला असतो. ते रेणू सर्व दिशांना सैरावैरा धावत असतात. पात्राच्या मानाने त्यांचे स्वतःचे आकारमान नगण्य असते. टकरीचा क्षण सोडल्यास ते एकमेकांस ओढीत नाहीत की ढकलीत नाहीत. आणि टकरी पूर्ण स्थितिस्थापक असल्याने एकूण गतिज ऊर्जा घटत नाही. भिंतींवरील रेणूंचा मारा म्हणजे दाब, आणि सरासरी गतिज ऊर्जा हे निरपेक्ष तापमानाचे माप.

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाचे सहकारी रजेवर असता एकदा हा पाठ मी घेतला. एका मुलीने विचारले, "सर, रेणू एकमेकांना ओढतच नाहीत, तर वाफेचे पाणी होते कसे?" मला उत्तर येईना. "परीक्षेत असे विचारीत नाहीत," असे सांगून मी तिला खाली बसविले. पुढे या सिद्धांताचा इतिहास वाचला, तेव्हा ते शब्द मलाच बोचू लागले.

जॉन जेम्स वॉटरस्टन यांचा जन्म १८११ साली एडिंबरो येथे झाला. ते इंजिनिअर होते. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकविण्यासाठी ते मुंबईस आले. शिकविण्याच्या कामातून सवड काढून त्यांनी एक निबंध लिहिला आणि डिसेंबर १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. मुक्त, पूर्ण स्थितिस्थापक व सतत गतिमान अशा रेणूंचा वायू त्यांनी कल्पिला होता. दाबाचे कारण बर्नूली यांनी १७३८ सालीच सांगितले होते. वॉटरस्टन पुढे गेले. रेणूच्या वेगाचा वर्ग व वस्तुमान यांच्या गुणाकाराशी त्यांनी तापमानाची सांगड घातली, आणि समान तापमानास हलके रेणू जड रेणूंपेक्षा अधिक वेगाने धावतात हे दाखविले.

त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. निबंध निव्वळ निरर्थक आहे, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारला. १८४६ साली त्याचा अल्पसा सारांश तेवढा छापला गेला. मूळ हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात पडून राहिले. वॉटरस्टन यांच्यापाशी नक्कल नव्हती! पुढे क्रोनिग (१८५६), क्लॉसियस (१८५७) व मॅक्सवेल (१८६०) यांनी हाच सिद्धांत स्वतंत्रपणे उभा केला आणि जगाने तो मान्य केला. वॉटरस्टन १८५७ साली स्कॉटलंडला परतले होते. १८८३ च्या जून महिन्यात एके दिवशी ते घराबाहेर पडले, ते परत आलेच नाहीत.

वॉटरस्टन यांच्या ध्वनीविषयक एका लेखात या निबंधाचा उल्लेख होता. तो वाचून लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली दप्तरातून हस्तलिखित शोधून काढले आणि १८९२ साली प्रस्तावनेसह छापविले. निबंधात काही चुकाही होत्या. पण चूक दाखवून देणे वेगळे आणि सारेच निरर्थक ठरविणे वेगळे. एका शेऱ्यामुळे सत्तेचाळीस वर्षे वाया गेली.

आणि त्या मुलीचा प्रश्न? तोच प्रश्न हॉलंडच्या व्हान डर वाल्स यांना पडला होता. तेही शाळाशिक्षकच! रेणूंना आकारमान आहे व त्यांच्यात आकर्षणही आहे, असे धरून त्यांनी १८७३ साली नवे समीकरण मांडले. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गृहीतक म्हणजे विचारपूर्वक केलेली सोय होय. ती कोठे अपुरी पडते हे विचारणारा विद्यार्थी उद्धट नव्हे. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या हातीही रोज शेरा मारणारी लेखणी असते. ती उचलण्यापूर्वी मुंबईहून गेलेल्या त्या निबंधाची आठवण ठेवू या. मी त्या मुलीला बोलावून उत्तर सांगितले, आणि माझी चूकही कबूल केली.